रविवारचा वर्ग : दूरशिक्षण आणि अध्ययन समुदायाचा आपल्याकडचा इतिहास

(बल्लारपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आयोजकांनी मला विषय दिला तो असा : 'ऑनलाइन उच्च शिक्षणात अध्ययन समुदाय कसे घडवावेत'. मी त्यांना म्हटलं, बाबांनो, मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. मोबाइलचा पासवर्डसुद्धा मला नातू लावून देतो. पण असे समुदाय आपल्या भागात कधी होते, ते कशामुळे जमले आणि कशामुळे मोडले, हे थोडंफार मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ते सांगतो. त्यात माझ्याही दोन चुका आहेत. त्या ओघात येतीलच.

आधी शब्द नीट समजून घेऊ. 'समुदाय' हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. आपल्या बल्लारशाह स्टेशनावर रात्री चार-पाचशे माणसं गाडीची वाट पाहत असतात. ती एकाच ठिकाणी असतात, सगळ्यांचं लक्ष एकाच रुळाकडे असतं, सगळ्यांना एकच सूचना ऐकू येते. म्हणून तो समुदाय होतो का? गाडी आली की जो तो आपापल्या डब्याकडे पळतो. आपले पुष्कळसे वर्ग असेच असतात, ऑनलाइन असोत की ऑफलाइन. परीक्षा नावाची गाडी यायची असते, तोवर सगळे एका फलाटावर.

आपल्या न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. वादात दोघांनाही खरं काय ते शोधायचं असतं. जल्पात जिंकायचं असतं. वितंडेत तर आपली स्वतःची बाजूच नसते, फक्त समोरच्याची मोडायची असते. आज मराठीत 'वाद' म्हणजे भांडण झालं, पण मूळ अर्थ फार चांगला आहे. मी अध्ययन समुदायाची व्याख्या अशी करतो : ज्या जागी वाद होऊ शकतो ती जागा. वादाला किमान दोन माणसं लागतात. आणि दुसऱ्याचं ऐकून आपलं मत बदललं तर लाज वाटू नये, इतकी ओळख त्यांच्यात लागते. ही ओळख कशी तयार होते, हाच आजचा प्रश्न आहे.

आता इतिहासाकडे येऊ.

कॉलेजात न बसता पदवी घेण्याची सोय नवी नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच ती दिली : कुठेही अभ्यास करा, परीक्षेला या. आपल्याकडे अशा विद्यार्थ्याला 'बहिःस्थ' म्हणत. शब्दच बघा, बहिः-स्थ, म्हणजे बाहेर उभा असलेला. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झालं आणि आपला चांदा जिल्हा पुढे कित्येक दशकं त्याच विद्यापीठाच्या छत्राखाली होता. सिरोंच्याचा किंवा एटापल्लीचा माणूस त्या विद्यापीठापासून किती 'बाहेर' होता, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. त्यानंतर आलं पत्रद्वारा शिक्षण. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये ते सुरू केलं, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. पोस्टमन नोट्सचं पाकीट आणून द्यायचा. उत्तम सोय होती, माझा त्याला आक्षेप नाही. नोकरी करून घर चालवणाऱ्या किती लोकांना त्या पाकिटांनी पदवी मिळवून दिली! पण पाकीट एकाच दिशेने यायचं. त्या पाकिटाला प्रश्न विचारता येत नव्हता, आणि तेच पाकीट आणखी कोणाच्या घरी आलंय, हेही कळत नव्हतं.

इंग्लंडमध्ये या दुखण्याची जाणीव लवकर झाली. हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ मध्ये 'हवेतलं विद्यापीठ' अशी कल्पना मांडली होती, म्हणजे रेडिओ-टीव्हीवरून शिक्षण. प्रत्यक्षात १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ पासून शिकवणं सुरू झालं, तेव्हा ते नुसतं हवेत राहिलं नाही. प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक दिला गेला, गावोगावी अभ्यासकेंद्रं निघाली, उन्हाळ्यात एकत्र राहून शिकण्याची निवासी शिबिरं झाली. टीव्हीचं कौतुक जगाने केलं. पण टीव्हीच्या जोडीने ही माणसांची व्यवस्था मुद्दाम उभी केली होती, हे आपण विसरतो.

आपल्या देशात आंध्र प्रदेशाने १९८२ मध्ये सुरुवात केली, १९८५ मध्ये दिल्लीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आलं, आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू प्राध्यापक राम ताकवले. मूळचे भौतिकशास्त्राचे, त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्या विद्यापीठाचं ब्रीद. मराठीतून पुस्तकं निघाली, स्वतः वाचून समजतील अशा पद्धतीने लिहिलेली. ज्याची शाळा मध्येच सुटली, त्याला पूर्वतयारी अभ्यासक्रम करून पदवीचा दरवाजा उघडला. आणि ठिकठिकाणच्या महाविद्यालयांतच अभ्यासकेंद्रं झाली. शिकवणाऱ्याला तिथे प्राध्यापक म्हणत नाहीत, 'समंत्रक' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. प्राध्यापक शिकवतो, समंत्रक सल्लामसलत करतो. आणि भेटण्याचा वार बहुधा रविवार.

त्या रविवारी वर्गात कोण यायचं? मी नव्वदच्या दशकात या जिल्ह्यातल्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक होतो, त्यामुळे सांगू शकतो. वेकोलिच्या खाणीतली रात्रपाळी करून थेट आलेला कामगार, डोळे लाल. कागद कारखान्यातला एक. एक वनरक्षक, त्याची ड्यूटी कुठे लागेल त्यावर त्याची हजेरी. दोन अंगणवाडी सेविका. एक बाई लग्नानंतर अठरा वर्षांनी पुन्हा पुस्तक हातात धरणारी. डबे आणायचे सगळे. अकरा ते दोन मी बोलायचो आणि दोन ते तीन ते लोक जेवत जेवत आपसात बोलायचे. तेव्हा मला वाटायचं, खरं शिक्षण अकरा ते दोन होतंय.

आता माझी पहिली चूक.

नोंदणी साठ-सत्तरांची असायची आणि येणारे बारा-पंधरा. संपर्कसत्रं पुढे किती ठेवायची, असा विषय केंद्रावर निघाला, तेव्हा मी लेखी मत दिलं : पुस्तकं उत्तम आहेत, स्वयंअध्ययनाला पुरेशी आहेत, उपस्थिती अल्प आहे, सबब सत्रं कमी करावीत. 'सबब' हा शब्दसुद्धा मला आठवतो. तर्क बिनचूक होता. केंद्रावरचे रविवार कमी झाले, मलाही घरी वेळ मिळू लागला. आणि पुढच्या वर्षी त्या बारा-पंधरांतले निम्मे परीक्षेलाच बसले नाहीत.

काही वर्षांनी ती अठरा वर्षांनी शिकायला आलेली बाई मला बाजारात भेटली. मी विचारलं, बाई, शेवटचं वर्ष का सोडलंत? पुस्तकं तर मिळाली होती. ती म्हणाली, "सर, पुस्तक घरीच होतं. पण घरी मी कोणाची सून होती, कोणाची आई होती. रविवारी तिथं मी बी.ए.ची मुलगी राहत होती." मला उत्तर देता आलं नाही. मी उपस्थितांची संख्या मोजली होती. त्या उपस्थितीत काय घडत होतं, ते मोजायला माझ्याकडे मापच नव्हतं.

ते माप पुढे विद्वानांनी शोधलं. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातल्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तिघांनी २००० मध्ये एक आराखडा मांडला. ऑनलाइन वर्गात खरं शिक्षण व्हायचं तर तीन प्रकारची 'उपस्थिती' लागते, असं त्यांचं म्हणणं. एक बोधाची : विचार पुढे सरकतोय का. दुसरी शिक्षकाची : कोणी दिशा देतंय का. आणि तिसरी सामाजिक : समोर खरीखुरी माणसं आहेत असं वाटतंय का. त्यांनी या सगळ्याला नाव दिलं 'जिज्ञासूंचा समुदाय'. आपल्या रविवारच्या डब्यांत ही तिसरी उपस्थिती होती. ती काढून घेतल्यावर पहिलीही गेली.

ही कल्पना त्या तिघांची स्वतःची नव्हे. तिचं मूळ अमेरिकन तत्त्वज्ञ पर्स आणि जॉन ड्यूई यांच्यात आहे. सत्य एकट्याने गवसत नाही, शोध घेणाऱ्यांच्या समूहाला ते हळूहळू गवसतं, हा पर्सचा विचार. आणि लोकशाही म्हणजे केवळ राज्यकारभाराची पद्धत नव्हे, एकमेकांचे अनुभव वाटून घेत जगण्याची रीत आहे, हा ड्यूईचा विचार. त्याचा 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हा ग्रंथ १९१६ चा. आता हे अमेरिकेतलं तत्त्वज्ञान बल्लारपुरात कशाला, असं कोणाला वाटेल. तर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले एक भारतीय विद्यार्थी ड्यूईच्या वर्गात बसत होते. त्यांचं नाव भीमराव आंबेडकर. त्यांनी १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून. वेळापत्रकाची ही साधी गोष्ट वाटते; पण विद्यापीठाने माणसाच्या पाळीप्रमाणे चालायचं की माणसाने विद्यापीठाच्या, या प्रश्नाचं ते उत्तर होतं. आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी तेच बाबासाहेब इथून पंधरा-वीस किलोमीटरवर चंद्रपूरला धम्मदीक्षा द्यायला आले होते. तेव्हा हा धागा आपल्या दारावरून गेलेला आहे.

पुढे संगणक आला. महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने एमएस-सीआयटी सुरू केलं. इथे बसलेल्या तरुणांपैकी पुष्कळांनी ते केलं असेल. ते शिक्षण पडद्यावरचं होतं, पण ते घ्यायला तुम्ही केंद्रावर जात होता. शेजारच्या खुर्चीवरच्याला विचारत होता, "तुझं कसं झालं रे?" म्हणजे यंत्र आलं तरी शेजार टिकला होता.

शेजार गेला तो नंतर. २००८ मध्ये कॅनडातच सीमेन्स आणि डाउन्स या दोघांनी एक अभ्यासक्रम जगाला खुला केला. फी भरणारे विद्यार्थी पंचवीसेक, आणि फुकट शिकायला आले दोन हजारांवर. त्यांची कल्पना सुंदर होती : प्रत्येकाने स्वतः काही लिहावं, एकमेकांशी जोडून घ्यावं, ज्ञान त्या जोडण्यांतून तयार व्हावं. पण लवकरच मोठमोठ्या कंपन्या आल्या आणि 'खुलं' या शब्दाचा अर्थ झाला लाखोंसाठी रेकॉर्ड केलेली व्याख्यानं. जोडणी राहून गेली. नाव नोंदवणारे लाखो आणि शेवटपर्यंत पोहोचणारे अगदी थोडे, हा जगभरचा अनुभव. आपल्याकडे २०१७ मध्ये 'स्वयम्' आलं. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने संपूर्ण ऑनलाइन पदवीचे नियम केले. चांगल्यातल्या चांगल्या शिक्षकाचं व्याख्यान आज एटापल्लीत ऐकता येतं, ही लहान गोष्ट नाही. पण मित्रहो, हे पुन्हा पोस्टमनचं पाकीटच झालं की! फक्त पाकीट रंगीत आहे आणि बोलतं.

आणि मग २०२० साल उजाडलं.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण ओळखीच्या लोकांनी गळ घातली म्हणून बी.ए.च्या मुलांना पाश्चात्त्य तत्त्वज्ञान ऑनलाइन शिकवायला बसलो. समोर काळे चौकोन, त्यांत नावाची आद्याक्षरं. पहिली दहा मिनिटं एकच संवाद : "सर, आवाज नाही येऊन राहिला." "आता येऊन राहिला का?" "आता फाटून राहिला." मी देकार्तवर बोलत होतो : सगळ्यावर संशय घेता येतो, पण संशय घेणारा मी आहे, यावर घेता येत नाही. तेवढ्यात एका चौकोनातून कालवा सुरू झाला. तीन-चार मुलं एकदम बोलत होती. मी चिडलो. म्हटलं, "कोण गोंधळ करतंय? माईक बंद करा." कालवा थांबला. व्याख्यान छान पार पडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकाचा फोन आला, माफी मागायला. हकिकत अशी की त्यांच्या गावात नेटवर्क नव्हतं. तळ्याच्या पाळीवर एका जागी यायचं. चौघांत एकच चांगला मोबाइल. चौघे सायकलींनी तिथे जाऊन बसायचे. आणि तो गोंधळ काय होता? एक म्हणत होता, विचार करतो म्हणून मी आहे, तर मग झोपेत मी नसतो का? दुसरा म्हणत होता, स्वप्न पडतं ना बे, तोही विचारच. तिसरा म्हणाला, आणि ज्या झोपेत स्वप्न पडत नाही तिचं काय? मित्रहो, हा प्रश्न मांडूक्य उपनिषदाचा आहे. हाच प्रश्न जॉन लॉकने देकार्तच्या मताविरुद्ध उपस्थित केला होता. माझ्या सगळ्या वर्गात त्या दिवशी तत्त्वज्ञान फक्त एकाच ठिकाणी चाललं होतं, तळ्याच्या पाळीवर. आणि ते मी बंद करायला लावलं. ही माझी दुसरी चूक. पहिलीशी ताडून पाहिली तर एकच आहे : माझं बोलणं म्हणजे शिक्षण आणि त्यांचं बोलणं म्हणजे मधली सुट्टी.

इथे मला मेंढा (लेखा) गावाची आठवण केली पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, जेमतेम पाचशे वस्तीचं गोंड गाव. देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते सर्वांना माहीत आहे, आणि मिलिंद बोकील यांनी त्याच्यावर पुस्तक लिहिलेलं आहे. तिथल्या ग्रामसभेची सर्वसहमती प्रसिद्ध झाली. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती त्यांची अभ्यास गटाची पद्धत. निर्णय घ्यायची जागा ग्रामसभा. पण अभ्यासाची बैठक वेगळी. तिथे निर्णयाचं ओझं नाही, म्हणून मोकळं बोलता येतं. बाहेरचा जाणकार बोलवायचा, त्याचं ऐकायचं, त्याला प्रश्न विचारायचे. ठरवायचं मात्र गावाने. प्रश्नही आयुष्यातलेच. जंगल कोणाचं? बांबू कोणाचा? तिकडच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं आपल्या बल्लारपूरच्याच कागद कारखान्यात येत होता. बांबू कायद्याने झाड की गवत, यावर त्याची मालकी ठरत होती. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. यात आंदोलन होतं, कायदा होता, सरकारातले काही चांगले लोकही होते. पण कायदा वाचून, समजून, त्यावर वाद घालून तयार झालेलं गाव नसतं, तर तो कागद आला असता आणि कपाटात राहिला असता.

योगायोग पाहा, त्याच २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं आणि आपले दोन जिल्हे नागपूरपासून वेगळे झाले. विद्यापीठ जवळ आलं, चांगलं झालं. पण जवळ येणं म्हणजे फक्त किलोमीटर कमी होणं नव्हे, हे मेंढ्याकडे पाहून आपल्याला शिकता येईल.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझा वाद जल्प होईल. प्रत्यक्ष जमणं सगळ्यांना सारखं सोपं नसतं. रविवारच्या वर्गातसुद्धा पुढच्या बाकावर कोण बसायचं आणि मागे कोण, हे मी पाहिलंय. पुरुष बोलायचे, बाया ऐकायच्या. एका मुलीने मला सांगितलं, "सर, वर्गात मी कधी बोलली नाही. ऑनलाइनमध्ये लिहून विचारता येते, कोणी मागं वळून बघत नाही." तिच्यासाठी तो काळा चौकोन आडोसा होता. तेव्हा पडदा वाईट आणि सतरंजी चांगली, इतकं सरळ हे नाही. पडद्यावरही ओळख होऊ शकते, आणि सतरंजीवरही माणूस एकटा राहू शकतो. प्रश्न इतकाच की ओळख व्हावी याची जबाबदारी कोणावर आहे? आज ती कोणावरच नाही. वेळापत्रकात व्याख्यानाला तास आहे, परीक्षेला तास आहे. एकमेकांना भेटण्याला तास नाही. समंत्रकाला व्याख्यानाचं मानधन मिळतं, विद्यार्थ्याला फोन करून "काल का आला नाहीस?" विचारल्याचं मिळत नाही. ज्याची नोंद होत नाही, ते काम आधी बंद पडतं. मी स्वतः ते बंद पाडलेलं आहे.

म्हणून माझ्या तीन साध्या सूचना. पहिली, ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव नोंदवणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात त्याच्या तालुक्यातल्या पाच-सात सहाध्यायांशी जोडून द्या. आणि त्यांना भेटायला एक जागा द्या : वाचनालय, शाळेची खोली, गोटुल, काहीही. ज्याला बाहेर पडता येत नाही, त्याचा गट फोनवर जमू दे. दुसरी, शिक्षकाने व्याख्यान कमी करावं आणि गटाने मिळून पाठवलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं. प्रश्न झाडीबोलीत आला तरी चालेल, गोंडीत आला तर कोणीतरी समजावून सांगेल. तिसरी, या कामाचे तास मोजा आणि त्याचे पैसे द्या.

ताकवले सरांच्या विद्यापीठाने ज्ञानगंगा घरोघरी नेण्याचं ठरवलं, आणि ती बरीच पोहोचलीही. ती बाई मला बाजारात जे म्हणाली, त्याचा अर्थ मला एवढाच लागतो की गंगा घरात आल्यावरही माणसाला घाटावर जावंसं वाटतं, कारण तिथे चार माणसं भेटतात.

मला दिलेल्या वेळातली वीस मिनिटं अजून शिल्लक आहेत. ती मी मुद्दाम ठेवली आहेत. आता शेजारी बसलेल्याकडे वळा, ओळख नसेल तर करून घ्या, आणि दोघांनी मिळून एक प्रश्न काढा. माईक तुमच्याकडे पाठवतो. यावेळी कोणाचा बंद करणार नाही.